निळं डोकं, लाल डोकं

तो फोटो तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. दोन गोल डोकी, वरून पाहिल्यासारखी. एक बरंचसं निळं-हिरवं, दुसरं लाल-पिवळं. निळ्याखाली लिहिलेलं असतं, वीस मिनिटं शांत बसल्यानंतरचा मेंदू. लालखाली, वीस मिनिटं चालल्यानंतरचा मेंदू.

ताईने तो मला रात्री साडेअकराला पाठवला. खाली एकच ओळ होती : “हे खरंय का रे?”

प्रश्न साधा नव्हता. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. एका जागी त्याचं बूड टेकत नाही. जेवताना दोन घास खाऊन उठतो, गणितातली बेरीज अर्धी सोडून खिडकीतल्या कबुतराकडे जातो. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून एडीएचडीचं निदान केलं आणि गोळी सुरू केली. आणि त्याच आठवड्यात शाळेच्या डायरीत शेरा आला : वह्या अपुऱ्या असल्यामुळे यापुढे खेळाच्या तासाला वर्गात बसून लिखाण पूर्ण करावे.

ताईला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. फोटो खरा असेल, तर शाळेत जाऊन भांडायचं का? आणि फोटो फारच खरा असेल, तर गोळी बंद करून पोराला सरळ पळायलाच लावायचं का?

मी इतिहास शिकलोय, वैद्यक नाही. त्यामुळे कुठलाही फोटो समोर आला की मला पहिला प्रश्न पडतो : हा कुणी काढला, कधी आणि कशासाठी? त्या रात्री शोधायला बसलो. फोटोचा माग काढताना थेट १७९८ पर्यंत मागे जावं लागेल असं वाटलं नव्हतं.

*

१७९८ साली अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मनोविकारांवर एक ग्रंथ छापला. त्यात एक प्रकरण होतं ते फक्त ‘लक्ष’ आणि लक्षाच्या आजारांबद्दल. काही माणसांचं लक्ष कशानेही उडतं, असं तो सांगतो. कुणी टेबल सरकवलं, दार आपटलं, खोलीत जरा उकडलं, की संपलं. लहानपणी हा त्रास असला तर शिकणं अवघड होतं, पण वयाबरोबर तो बहुधा कमी होतो, असंही त्याचं निरीक्षण आहे. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. काही मुलांना लॅटिन आणि ग्रीकचं व्याकरण इतकं रुक्ष वाटतं की छडीची भीती घाला नाहीतर गोड बोला, त्यांचं लक्ष लागत नाही, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. म्हणजे छडीचा उपयोग नाही, ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात सव्वादोनशे वर्षांपूर्वी आलेली आहे.

पण लोकांच्या डोक्यात जे चित्र बसलं ते क्रायटनचं नाही. ते एका बापाने काढलेलं आहे.

१८४४ च्या नाताळात फ्रँकफर्टमधले डॉक्टर हाइनरिख हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायला बाजारात गेले. मनासारखं काही मिळालं नाही, म्हणून कोरी वही घेऊन घरी आले आणि स्वतःच चित्रं काढून गोष्टी लिहिल्या. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं आणि ते प्रचंड गाजलं. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये हॉफमननी गोष्टींची भर घातली. त्यातलाच एक चुळबुळ्या फिलिप. वडील विचारतात, आज तरी टेबलाशी नीट बसणार का? फिलिप खुर्ची पुढे-मागे झुलवत राहतो आणि शेवटी टेबलावरची चादर, सूप, ताटल्या, सगळं अंगावर ओढून घेतो. आणखी एका गोष्टीत हान्स नावाचा मुलगा आकाशाकडे बघत चालतो आणि पाण्यात पडतो. आज डॉक्टर एडीएचडीचे जे दोन चेहरे सांगतात, सतत हलणारा आणि सतत हरवलेला, ते दोन्ही त्या पुस्तकात आहेत. जर्मनीत आजही अशा मुलाला फिलिपच्या नावाने हाक मारतात.

गोष्टीचा रोख मात्र स्पष्ट होता. हलणं हाच गुन्हा आणि सांडलेलं सूप ही त्याची शिक्षा. “बुडाला काटे टोचतायत का?” हे आपल्या आजीचं वाक्य याच जातकुळीचं.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली. त्याच्यासमोर अशी मुलं होती जी बुद्धीने ठीक होती, पण स्वतःला आवरू शकत नव्हती. यात शरीराचा, मेंदूचा काही भाग असावा, हे स्टिलला जाणवलं होतं, आणि त्या काळात हे मोठंच पाऊल होतं. तरीही त्याने या अवस्थेला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो नैतिक नियंत्रणातला दोष. म्हणजे पोरगं आजारी असलं तरी ते वाईटच.

नीतीकडून मेंदूकडे नजर वळवायला एक साथ यावी लागली. १९१७ पासून साधारण दशकभर जगभर मेंदूज्वराची एक विचित्र साथ पसरली. त्यातून वाचलेली काही मुलं पार बदलून गेली. काल शांत असलेली मुलं आता आवरेनाशी झाली. आजारापूर्वी नीतिमान आणि आजारानंतर अनीतिमान, असं तर कुणी म्हणू शकत नव्हतं. काहीतरी मेंदूतच बिघडलं होतं.

*

आता गोळीची गोष्ट. ती डोकेदुखीतून सुरू होते.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एमा पेंडलटन ब्रॅडली होम नावाची संस्था १९३१ मध्ये सुरू झाली. एमा ही मेंदूज्वराने कायमची अधू झालेली मुलगी. तिच्या वडिलांनी आपली संपत्ती तिच्यासारख्या मुलांसाठी ठेवली. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढून हवा भरावी लागे आणि मग मुलांचं डोकं भयंकर दुखे. उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण काही मुलं अचानक अभ्यासाला बसू लागली. १९३७ साली त्यांनी ३० मुलांवरचा अनुभव छापला. त्यातल्या १४ मुलांची शाळेतली प्रगती थक्क करणारी होती. मुलांनीच त्या औषधाला गणिताच्या गोळ्या असं नाव पाडलं.

उत्तेजक औषध देऊन चंचल मूल शांत होतं, हे कोडं ब्रॅडलींनाही चक्रावून गेलं. ते कोडं लक्षात ठेवा, कारण आपला फोटो त्याच्याच वाटेवर आहे.

पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लेआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट बनवलं. त्याची बायको मार्गरीट, म्हणजे रीटा, टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची आणि खेळ सुधारतो म्हणायची. तिच्या नावावरून औषध झालं रिटालिन. आज जगभर लाखो मुलं जे औषध घेतात त्याच्या नावात एक टेनिस खेळणारी बाई आहे, हे वाचून मला गंमत वाटली. मैदान आणि गोळी यांची ओळख जुनीच म्हणायची.

*

फोटोकडे जायचं तर अजून एका माणसाला भेटायला हवं. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाचा डॉक्टर होता. १९२४ मध्ये त्याने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवल्या आणि पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, ते जगाला सांगितलं. यालाच आज आपण इईजी म्हणतो. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या लहरी वेगळ्या आणि डोळे उघडून मन लावून काही करणाऱ्याच्या वेगळ्या, हे त्याला दिसलं. ‘लक्ष’ ही तोवर मास्तरांनी चेहऱ्यावरून ओळखायची गोष्ट होती. आता तिची खूण कागदावर दिसायला लागली.

हे यंत्र ब्रॅडली होमपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. हर्बर्ट जॅस्पर या संशोधकाने तिथल्या मुलांचे आलेख काढले आणि १९३८ मध्ये सहकाऱ्यांसोबत ते छापले. बऱ्याच मुलांच्या आलेखात नेहमीपेक्षा संथ लहरी होत्या. बाहेरून भिंगरी लागलेली मुलं आणि आत मेंदू संथ! मग १९७१ साली जेम्स सॅटरफील्ड आणि मायकेल डॉसन यांनी चंचल मुलांच्या त्वचेतून वाहणारी सूक्ष्म वीज मोजली. ही मुलं आतून जास्त चेतलेली असतील, हा साधा अंदाज. निघालं उलटं. कित्येक मुलं कमीच चेतलेली होती.

ब्रॅडलींचं कोडं इथे थोडं सुटतं. मेंदू पेंगुळलेला असेल तर त्याला जागं ठेवण्यासाठी मूल काय करील? हलेल. आपण कंटाळवाण्या मीटिंगमध्ये पाय हलवतो, तसं. आणि उत्तेजक औषधाने मेंदू जागा झाला, की हलायची गरज कमी होईल. हे सगळ्या मुलांचं पूर्ण स्पष्टीकरण नाही, पण त्यामुळे प्रश्न फिरला. चुळबूळ हा रोग आहे की मुलाने स्वतःच शोधलेला घरगुती उपाय?

वैद्यकातली नावंसुद्धा याच सुमारास बदलली. १९६८ च्या अमेरिकन नियमावलीत या अवस्थेचं नाव हालचालीवरून होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये मांडलं की खरी अडचण हालचालीची नाही, लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला थांबवण्याची आहे. १९८० मध्ये नावात ‘लक्ष’ आलं, १९८७ मध्ये आजचं एडीएचडी. फिलिपच्या खुर्चीवरची नजर त्याच्या डोक्याकडे वळायला जवळपास दीड शतक लागलं.

२००७ मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत शेकडो मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षं घेतलेली चित्रं पाहिली. मेंदूचा बाहेरचा थर लहानपणी जाड होत जातो आणि मग पातळ व्हायला लागतो. त्याची बऱ्याचशा भागातली कमाल जाडी इतर मुलांत सुमारे साडेसातव्या वर्षी, तर एडीएचडी असलेल्या मुलांत सुमारे साडेदहाव्या वर्षी येत होती. सगळ्यात जास्त उशीर होता तो पुढच्या, लगाम घालणाऱ्या भागात. हालचालीचा मुख्य भाग मात्र या मुलांत थोडा लवकरच पिकत होता. इंजिन आधी आलं, ब्रेक मागाहून. ताईला मी एवढी एकच गोष्ट त्या रात्री लगेच कळवली. तिने उत्तर पाठवलं, “म्हणजे तो मुद्दाम करत नाही.”

*

आता फोटो.

१९६५ मध्ये सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांना इईजीत एक खास लाट सापडली. पुढे काय येणार हे नक्की माहीत नसताना एखादी खूण दिसली किंवा आवाज आला, की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत ही लाट उठते. तिला पी-३०० किंवा नुसतं पी-३ म्हणतात. ती एका वेळी दिसत नाही, बाकीच्या गोंगाटात बुडालेली असते. जत्रेत कुणी एक शब्द पुटपुटला तर ऐकू येणार नाही. पण तोच शब्द शंभरदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवला, तर गोंगाट एकमेकांना खोडतो आणि शब्द उरतो. तशीच ही सरासरी काढावी लागते. लाट मोठी, तर समोरच्या कामाला मेंदूने जास्त लक्ष दिलं, असं मानतात. एडीएचडी असलेल्या मुलांत ती सरासरीने लहान आढळते.

आपला फोटो याच लाटेचा आहे. तो अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. २० मुलं, वय साडेनऊच्या आसपास. एक दिवस वीस मिनिटं बसून राहायचं, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालायचं. मग छातीची धडधड जवळपास पूर्ववत झाली, की परीक्षा : पडद्यावर पाच खुणांची ओळ, आजूबाजूच्यांकडे दुर्लक्ष करून फक्त मधलीचं तोंड कुठे आहे ते सांगायचं. चालल्यानंतर उत्तरं जास्त बरोबर आली, पी-३ लाट मोठी झाली, वाचून समजण्याच्या चाचणीतही गुण वाढले.

म्हणजे फोटो खोटा नाही. पण फॉरवर्ड होताना त्याचा अर्थ बदलला. तो एका मेंदूचा फोटो नाही, २० मुलांची सरासरी आहे. निळं म्हणजे झोपलेला मेंदू नाही आणि लाल म्हणजे पेटलेला नाही, रंग फक्त त्या एका लाटेची उंची सांगतात. आणि ताईसाठी सगळ्यात महत्त्वाचं : ती एडीएचडी असलेली मुलं नव्हतीच.

तो प्रयोग नंतर झाला. त्याच गटातल्या मॅथ्यू पाँटिफेक्स यांनी ८ ते १० वर्षांची ४० मुलं घेतली, २० एडीएचडी असलेली, २० नसलेली. एकदा वीस मिनिटं बसून वाचन, एकदा वीस मिनिटं ट्रेडमिल. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. ट्रेडमिलनंतर दोन्ही गटांची उत्तरं सुधारली, पी-३ वाढली, वाचन आणि गणित दोन्हींत गुण वाढले. एडीएचडी असलेल्या मुलांत एक जास्तीची गोष्ट दिसली. चूक झाल्यावर पुढच्या उत्तराला ती जरा सावकाश होत होती. चुकलो, थांबूया, ही जी जाणीव या मुलांना अवघड जाते, तीच थोडा वेळ हाताशी आली होती.

हे का होतं, याचे काही धागे हातात आहेत. १९९५ मध्ये कार्ल कॉटमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की चाकात पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत चेतापेशींचं पोषण करणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांवरही व्यायामाचा परिणाम होतो, आणि रिटालिनचं कामही याच दोन रसायनांवर चालतं. रीटाबाईंचं टेनिस आणि गोळी एकाच गल्लीत राहतात, असं म्हणायला हरकत नाही.

घर मात्र एकच नाही. या प्रयोगांत गोळी विरुद्ध व्यायाम अशी स्पर्धा कुणी लावलेली नव्हती. मुलं थोडी होती, परिणाम त्या दिवसाचा होता. २०१५ मध्ये बेट्सी होझा यांच्या गटाने सुमारे २०० लहान मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग छापला. शाळा भरण्याआधी रोज साधारण अर्धा तास काहींनी खेळायचं, काहींनी बसून करायच्या गोष्टी करायच्या. खेळणाऱ्यांची चंचलता आणि बेलक्षपणा कमी झाला, पण बसून काम करणाऱ्यांतही काही सुधारणा दिसली. त्याच वर्षी मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने दाखवलं की आकडे डोक्यात धरून ठेवण्याच्या कामात एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलत होती तितकं त्यांना जास्त जमत होतं. इतर मुलांचं उलट होतं. फिलिपच्या झुलणाऱ्या खुर्चीची बाजू इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकली.

*

आपल्याकडे शाळेत व्यायाम नव्हता असं नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. पण आपण व्यायाम शरीरासाठी, शिस्तीसाठी, देशासाठी केला. त्याचा गणिताशी संबंध जोडला नाही. म्हणून गणित राहिलं, की पहिला बळी खेळाच्या तासाचा. माझ्या शाळेत पी.टी.च्या तासाला गणिताचे सर यायचे आणि आम्हाला त्यात वावगं वाटायचं नाही. वह्या अपुऱ्या असणारे आम्ही चार-पाच जण तर कायमचेच आत असायचो. खिडकीतून कबड्डी बघत मी किती उदाहरणं चुकवली असतील, ते त्या वह्याच जाणोत.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला. म्हटलं, गोळी बंद करू नकोस. जे काही बदलायचं ते डॉक्टरांना विचारून. फोटोत गोळीबद्दल एक अक्षर नाहीये. पण शाळेत जाऊया. वही पुरी व्हावी म्हणून मैदान काढून घेणं म्हणजे चष्मा काढून घेऊन फळ्यावरचं वाच म्हणणं.

गेलो. वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या. वर्गात ५८ मुलं होती, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, “एकाला सूट दिली की सगळेच मागतात हो.” मी प्रयोग सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाली, “बाई, तुम्ही खरंच सगळ्यांना सोडा.” फोटोतली २० मुलं साधीच होती, हे तिला माझ्याआधी आठवलं होतं.

सध्या तह झालाय. बुधवारचा खेळाचा तास परत मिळाला. शुक्रवारचा अजून वह्यांना जातो. गोळी चालू आहे. सकाळी शाळेला भाऊजी त्याला पायी नेतात, ते अंतर वीस मिनिटांचं आहे, हा योगायोग.

परवा मी तो फोटो भाच्याला दाखवला. त्याने स्क्रीन बोटांनी मोठी करून पाहिली. “मामा, यातला मी कुठला?”

मी सांगायला लागलो, की यात कुणीच एक मुलगा नाहीये, ही सरासरी आहे, सरासरी म्हणजे. तोवर तो अंगणात पोचला होता.